उतारावर लावलेली गाडी

गाडीची तक्रार लिहून घेणं हे माझं काम. भंडाऱ्यात महामार्गाला लागून आमचं सर्व्हिस सेंटर आहे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर थोड्याच काळात मी इथे काउंटरवर लागले आणि अजून त्याच जागी आहे. आमच्याकडे फक्त मोठ्या मोटारसायकली येतात, साडेतीनशे सीसी आणि त्यावरच्या. सुरुवातीला गिऱ्हाईक मला बघून विचारायचं, "मिस्त्री कुठे आहेत?" मी म्हणायचे, "मिस्त्री आत आहेत, तक्रार मला सांगा." मग ते माझ्या डोक्यावरून आत बघत तक्रार सांगायचं.

गिऱ्हाईक सांगतं ती तक्रार आणि गाडीत असते ती तक्रार या वेगळ्या गोष्टी असतात, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. दोन्हींच्या मध्ये बहुतेक वेळा माणसाचं वय असतं.

विशीतल्या मुलाची तक्रार ठरलेली, "आवाज दबला आहे." आवाज दबलेला नसतो, त्याला तो चौकापर्यंत पोचवायचा असतो. त्याच्या गाडीचं मागचं टायर मधोमध गुळगुळीत झालेलं असतं, ब्रेकचे लायनर संपलेले असतात आणि आरसे काढून घरी ठेवलेले असतात. लग्न झालं की तोच मुलगा आरसे पिशवीत घालून आणतो, "एवढे लावून द्या." सोबत साडी गार्ड आणि मागे टेकायची दांडी. चाळिशीत कंबर दुखायला लागते, पण तसं कोणी सांगत नाही. "सीट कडक झाली" असं सांगतात आणि हँडल जरा मागे घ्यायला लावतात. पन्नाशीत गाडी जड होते. गाडीचं वजन होतं तेवढंच असतं. साठीतल्या माणसाच्या गाडीत क्लचच्या प्लेटा जळलेल्या सापडतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, क्लच अर्धवट दाबून ठेवला की इंजिनाची आणि चाकाची पकडही अर्धवट राहते, आणि आतल्या प्लेटा घासून घासून जळतात. हळू चालवणारा माणूस कधीही थांबता यावं म्हणून क्लच पूर्ण सोडतच नाही. विशीत ब्रेक झिजतात आणि साठीत क्लच, हे मी नवीन मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते.

मला याद्या करायची सवय आहे. सकाळी आल्यावर कामांची यादी, दुपारी न आलेल्या पार्टांची, घरी जाताना किराण्याची. एका माणसाचा किराणा असला तरी यादी करते, नाहीतर एका माणसाच्या घरात दोन वेळा मीठ येतं. पण काही गिऱ्हाइकं कोणत्याच यादीत बसली नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिते.

कॉलेजातली पाच मुलं होती. पप्पू त्यांचा म्होरक्या. पाचही गाड्या एकाच दिवशी सर्व्हिसला यायच्या, म्हणजे रविवारी पाचही तयार. कधी कोकाच्या जंगलाकडे, कधी नवेगावच्या तलावाकडे. एखाद्याचा पार्ट आला नसेल तर बाकीचे चौघे थांबायचे, आमच्या बाकावर शेंगदाणे खात, एकमेकांच्या आया-बहिणींची नाही पण गाड्यांची उणीदुणी काढत. मग एक नागपूरला गेला, एक हैदराबादला. तिघं भंडाऱ्यातच आहेत. पण आता तिघं वेगवेगळ्या दिवशी येतात, आणि प्रत्येक जण जाता जाता विचारतो.

"मॅडम, पप्पू आला होता काय?"

"मागच्या आठवड्यात आला होता."

"अच्छा. बरा आहे ना?"

एका गावात राहून ते एकमेकांची खुशाली माझ्याकडून घेतात. एकदा मी पप्पूलाच म्हटलं, "अरे, फोन करून विचार ना त्यांना."

तो हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत म्हणाला, "करतो ना मॅडम. पण फोनवर काय बोलू? आमी कधी बोलतच नव्हतो. गाडी चालवत होतो."

दुसरे कोंढ्याचे एक धान व्यापारी. जन्मभर दुकान सांभाळलं आणि पंचेचाळिशी उलटल्यावर हौसेने मोठी गाडी घेतली. हेल्मेट, जाकीट, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. मे महिन्यात त्या सगळ्यात ते काउंटरवर उभे राहिले की फरशीवर घाम टपकायचा. गाडी नेहमी चकचकीत. मीटरवर अंतर मात्र इतकं थोडं की मी एकदा विचारलं, "शेठ, गाडी घेऊन जाता तरी कुठे?"

"कुठे म्हणजे? तुमच्याकडे येतो ना."

खरंच होतं. कोंढ्याहून भंडारा, भंडाऱ्याहून कोंढा, सर्व्हिसची तारीख आली की. पुढे तेही लांबलं. एकदा गाडी टेम्पोत घालून आणली, सुरूच होत नव्हती. आमचे भाऊराव मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवे बसले आणि तारेने कोरून माती बाहेर काढायला लागले. कुंभारमाशीने आत घर केलं होतं.

"शेठ, भाडेकरू ठेवला काय आत?" भाऊराव म्हणाले.

सगळे हसले, शेठही हसले. नंतर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "बायको मांगे बसत नाई. पोरं म्हणतात, बाबा, कार काढा. एकट्यानं कुठे जाऊ, तुमीच सांगा."

मी गाडी महिन्यातून दोनदा तरी सुरू करत जा असं सांगितलं. आमच्याकडे त्या प्रश्नावर तेवढंच उत्तर होतं.

आता गणवीर काका. हे सगळं लिहायला बसले ती खरं तर त्यांच्यासाठी.

काका वरठीच्या पोलाद कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले, मुलगा नितीन पुण्याला, काकू वारल्या, घरात एकटे. गाडी जुन्या बनावटीची. जुन्या बनावटीची म्हणजे काय ते इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आता सगळ्या मोटारसायकलींना गिअर डाव्या पायाशी असतो आणि ब्रेक उजव्या. त्या जुन्या गाड्यांना नेमकं उलटं, गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. शिवाय त्या सुरू करणं हे एक शास्त्र होतं. नुसती किक मारून चालत नाही. आधी हँडलवरची छोटी खिट्टी दाबून इंजिनातला दाब सोडायचा, हेडलाइटवरच्या विजेच्या मीटरचा काटा मध्यावर आणायचा, मग पूर्ण अंग टाकून एकच किक. चुकली तर किक उलटी येते आणि पायाचं हाड मोडतं.

काका सर्व्हिसला यायचे ते नेहमी पायी. "जयभीम, मॅडम" म्हणून किल्ली काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "गाडी तिकडे आहे." तिकडे म्हणजे नाल्यावरच्या पुलाच्या चढाला. भाऊराव जाऊन घेऊन यायचे, आणि काम झालं की पुन्हा तिथेच नेऊन ठेवायचे, तोंड उताराकडे करून. आत आणली तर ओरखडा पडेल अशी काकांना भीती वाटत असावी, असं मला वाटायचं. असे लोक असतात.

एकदा भाऊरावांचे हात इंजिनात अडकले होते. मी म्हटलं, "काका, आज तुम्हीच आणा आत."

काकांनी किल्ली पुन्हा हातात घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मले चालवता येते मॅडम. सुरू करता येत नाई."

गुडघे गेले होते. डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलेलं, किक तर दूरच. मग काकांनी काय केलं होतं, तर जिथे उतार तिथे गाडी लावायची. क्लच दाबून दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, गाडी घरंगळू द्यायची आणि क्लच सोडायचा, इंजिन धरतं. वरठीला घरासमोर त्यांनी दोन ट्रॉली मुरूम टाकून उतार करून घेतला होता. शेजाऱ्यांना वाटलं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. आपला जिल्हा सपाट, सगळीकडे धानाच्या बांध्या. उतार म्हणजे रेल्वेचे पूल, नाल्यांचे पूल आणि तलावांच्या पाळी, म्हणजे बांध. काकांचं जाणंयेणं हळूहळू तेवढ्यावर आलं होतं. ज्या बाजाराला उतार नाही तो बाजार बंद. ज्या नातेवाइकाच्या दारात सपाटी, त्याच्याकडे लग्नकार्याला जाणं बंद.

"आणि कुठे अडकलात तर?" मी विचारलं.

"अडकतो ना. लाखांदूरले अडकलो. मंग उभा राहतो, माणूस पाहत. जवान पोट्टा कामाचा नाई, त्याले ते किक येत नाई. मले विचारते, काका, बटन कुठे आहे? म्हातारा कामाचा नाई, त्याचे गुडघे माह्यासारखेच. मधल्या वयाचा पायजे, अंगानं भरला, आणि अशी गाडी कधीकाळी चालवलेला. असा माणूस बाजारात लवकर भेटत नाई मॅडम."

हे सांगताना ते हसत होते. मला मात्र तो बाजार डोळ्यासमोर दिसला, आणि त्यात गाडीला हात लावून उभे असलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याचं वय आणि पाय बघणारे काका.

एवढी धडपड कशासाठी, तर दिघोरीसाठी. दिघोरीला त्यांची मोठी बहीण शेवंताबाई राहते. काका तिला नुसतं 'बाई' म्हणतात. मूलबाळ नाही, नजर अधू. नितीनने आत्याला वरठीला आणा म्हणून सांगून पाहिलं, पण तिला तिचं घर सुटत नाही. काका दर रविवारी सकाळी निघायचे, गाडी दिघोरीच्या तलावाच्या पाळीवर लावायचे, तिथून पायी घरी. तिची औषधं, रॉकेल, साखर. भात काका रांधायचे, भाजी ती करायची.

"ती एकटी, मी एकटा," काका म्हणाले. "सहा दिवस दोन घरी दोन चुली. एक दिवस जेवण एका जागी होते."

भाऊराव म्हणाले, मागची सीट काढून एकच सीट बसवून देतो, गाडी थोडी हलकी होईल. काका म्हणाले, "राहू दे गा. सामान बांधतो." काकू बसायच्या त्या सीटवर सामान बांधल्याची खूण कधी दिसली नाही, पिशव्या नेहमी हँडललाच असायच्या. भाऊराव पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत.

नितीनने पुण्याहून मला फोन केला तो याच सुमारास. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, तुझे बाबा बाजारात लोकांना किक मारायला बोलावतात. "मॅडम, सेल्फ स्टार्टवाली नवीन बुक करा बाबांच्या नावाने. त्यांना सांगू नका, सरप्राइज आहे." मी म्हटलं, नवीन गाडीचे गिअर आणि ब्रेक उलटे आहेत, तुझ्या बाबांचे पाय आयुष्यभर दुसऱ्या बाजूला चालले आहेत. तो म्हणाला, "शिकतील हो. ते फिटर होते."

गाडी आली. काकांनी बटण दाबलं, इंजिन सुरू झालं. बंद केलं, पुन्हा दाबलं. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी भाऊराव म्हणाले, "काका, बॅटरी उतरन." काका लहान मुलासारखे लाजले.

पण मी त्यांना लगेच रस्त्यावर सोडलं नाही. आमच्या मागे एका राइस मिलचं पक्कं अंगण आहे, धान वाळवायचं. हंगाम नसताना रिकामं असतं. मालकाला विचारून काकांना रोज सकाळी तिथे बोलावलं. भाऊराव शेजारून चालायचे आणि मधेच ओरडायचे, "ब्रेक!" काकांचा डावा पाय खाली जायचा. गिअर पडायचा, गाडी हिसका देऊन पुढे.

"काका, तो गेर आहे."

"मले माहीत आहे गा. पायाले माहीत नाई."

"मंग पायाले सांगा."

"सांगून रायलो. तो म्हणते, तू आज आला, मी तीस वर्षांपासून आहो."

भाऊरावांनी काकांच्या उजव्या बुटाला लाल चिंधी बांधली. लाल म्हणजे थांबा. मिलमधल्या हमाल बाया हसायच्या, "बाबा, पैंजण बेस दिसते." काका त्यांनाही हात करायचे. हळूहळू पाय वळणावर आले. भाऊराव ओरडले की उजवा पाय जायला लागला. चिंधी सुटली. त्या पंधरवड्याइतके खूश काका मी कधी पाहिले नव्हते. घरासमोरचा मुरूम आता सपाट करून टाकतो म्हणाले. ज्यांच्याकडे जाणं राहिलं होतं त्यांची नावं घेत होते.

मैदानात पाय ऐकतो, कारण मैदानात विचार करायला वेळ असतो. रस्त्यावर तो नसतो.

वरठीला कारखान्याची पाळी सुटते तेव्हा रस्ता सायकलींनी आणि मोटारसायकलींनी भरून जातो. काका त्या गर्दीतून येत होते. पुढचा सायकलवाला खड्डा चुकवायला एकदम आडवा आला, आणि काकांचा डावा पाय खाली गेला. सगळा जोर लावून गेला. गाडी थांबली नाही. सायकलचं मागचं चाक दुमडलं, माणूस रस्त्यावर पडला. कोपर सोलवटलं, बाकी काही झालं नाही. मागून ट्रक येत होता, तो वेळेवर थांबला. पडलेला माणूस उठला, काकांकडे बघून म्हणाला, "काका, तुमी? तुमी तर माह्या बाच्या संगे खात्यात होते." आणि त्यानेच काकांना हाताला धरून बाजूला नेलं. काकांना त्याचंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी काका शेअर ऑटोने आले. किल्ली काउंटरवर ठेवली.

"हे ठेवा मॅडम. नितीनले सांगा, विकून टाक."

"काका, अजून सराव करू. घाई नाही."

"त्या पोराच्या जागी त्याचं लेकरू असतं तर?"

मी किल्ली खणात ठेवली. मग म्हटलं, "जुनी आहे ना घरी. पुलाच्या उतारावर लावा, पहिल्यासारखं."

काकांनी मान हलवली. "काल संध्याकाळी बसून पाहिलं जुनीवर. उतारावरून सोडली, सुरू झाली. पण पाय उचलला का थबकते. आधी विचारते, कोणती गाडी? इतका वेळ रस्त्यात कोण देते मॅडम? नवीन शिकला नाई आणि जुनं सोडून बसला."

आमच्या कामात न दुरुस्त होणारी वस्तू क्वचित असते. पार्ट मिळत नसेल तर बनवून घेतो, इथे नाही तर नागपूरला. काकांच्या पायाचं काय करायचं ते मला सुचेना.

पुढचे दोन-तीन महिने काका बसने जात होते. वरठीहून भंडारा, भंडाऱ्याहून पुढे दोन गाड्या बदलून दिघोरी. परतीची गाडी धरायची तर पोचल्या पोचल्या निघावं लागे. बसस्टँडवरून ते कधीमधी आमच्याकडे डोकावायचे. मी विचारायचे, "बाई कशी आहे?"

"बरी आहे. भात तिच्यासाठी करून आलो. मी नाई जेवलो. परतीची गाडी लागली होती."

एका रविवारी बस चुकली म्हणून ते गेलेच नाहीत. त्यानंतरच्या रविवारी पाऊस. मग बहुधा त्यांनी मनाशी काही ठरवलं असावं, कारण आमच्याकडे आले आणि जुन्या गाडीला गिऱ्हाईक बघा म्हणाले. घरात उभी राहून तरी काय करते, म्हणाले. हे ते अगदी सरळ आवाजात म्हणाले. गाडी विकल्यावर दिघोरीचं काय, हे मी विचारलं नाही. उत्तर दिसत होतं.

उपाय माझ्या दारात उभा होता. मी रोज येते ती बिनगिअरची स्कूटर. दोन्ही ब्रेक हातात, सायकलसारखे. पायांना काही कामच नाही. सकाळी ती स्टँडवर लावताना माझ्या लक्षात आलं आणि इतके दिवस का आलं नाही याचा रागही आला.

मी काकांना फोन करून बोलावलं आणि माझी किल्ली पुढे केली. त्यांनी स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे बाईमाणसाची गाडी आहे."

"भंडाऱ्यात अर्धे पुरुष चालवतात काका."

"चालवू दे. मी नाई."

भाऊराव मधे पडले. "काका, सायकल चालवता ना? तशीच आहे. सायकलवर काय बाईमाणूस दिसता?"

"तू चूप राय गा." काका खरंच चिडले होते. "जन्मभर मोठी गाडी चालवली. आता वरठीत हे घेऊन फिरू? लोक म्हणतीन, गणवीरचं झालं."

निघून गेले. दारापर्यंत ताठ गेले, पायरी उतरताना मात्र भिंतीला हात लावला.

मला वाटलं, संपलं. माझं गणित बरोबर होतं, पण काकांना त्या गाडीवर बसलेलं बघणारे लोक मी त्यात धरलेच नव्हते. मी एकटी राहते, लोक काय म्हणतील याचा विचार करायचं मी केव्हाच सोडलं आहे. त्यामुळे दुसऱ्याला तो किती जड असतो हे मला पटकन कळत नाही.

दिवाळीच्या आधी काका पुन्हा आले. या वेळी बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "बाईनं निरोप पाठवला. शेजारच्या पोराच्या फोनवरून. म्हणते, येत नसशील तर येत नाई म्हणून सांग. मी रविवारी दोघांचे तांदूळ भिजवून ठेवते."

मग बाहेर बघत म्हणाले, "तुमची ते गाडी दाखवा."

पुन्हा राइस मिलचं अंगण. या वेळी दोन सकाळी पुरल्या. हात चुकत नव्हते. सायकल त्यांनी गाडीच्याही आधीपासून चालवली होती. सीटखालचा डबा उघडून काकांनी त्यात दोन्ही हात घालून मोजमाप घेतलं. "साखर, औषधं सगळं मावन," म्हणाले. नवीन मोटारसायकल नितीनने विकली आणि त्यातून करड्या रंगाची एक स्कूटर आली. वरठीत मिरवावी लागू नये म्हणून ती काकांनी आमच्याकडेच ठेवली. वरठीहून भंडाऱ्याला ऑटोने यायचं, इथून स्कूटर घ्यायची, आणि संध्याकाळी इथेच ठेवून ऑटोने घरी. मी हो म्हटलं. लोकांच्या गाड्या सांभाळणं हेच तर आमचं काम.

पहिल्या रविवारी मी अर्धी रजा घेतली. कोंढ्यापर्यंत मी माझ्या स्कूटरवर मागे राहणार आणि काही चुकत असेल तर तिथे सांगणार, असं ठरलं. तिथून पुढे ते एकटे. थंडी पडायला लागली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून ठेवलेलं. काका सावकाश, डाव्या कडेने चालले होते, पाठ मोठ्या गाडीवर असायची तशीच ताठ.

पहिल्यांदा एक बकरी आडवी आली. काकांनी हातांनी ब्रेक दाबले, स्कूटर नीट थांबली. पण त्याच क्षणी त्यांचा डावा पाय उचलला गेला आणि पायाखालच्या पत्र्यावर जोरात आपटला. मला वाटलं, तोल जात असेल. पुढे एक ट्रॅक्टर एकदम वळला, पुन्हा तेच. हात ब्रेक दाबत होते आणि डावा पाय रिकाम्या पत्र्यावर जीव खाऊन दाबत होता. गावात शिरताना, म्हशींच्या कळपापाशी, शाळेच्या मुलांपाशी, दर वेळी. स्कूटर दर वेळी थांबत होती, आणि पाय प्रत्येक वेळी आपलं काम करून वर येत होता.

कोंढ्याला चहाच्या टपरीवर थांबलो. चुका सांगायला म्हणून मी मनात मुद्दे जमवले होते. वळताना आधी आरशात बघा. मागचा ब्रेक आधी, पुढचा नंतर. तिसरा मुद्दा पायाचा होता.

"सांगा मॅडम," काका म्हणाले. बशीत चहा ओतून फुंकत होते. "काय काय चुकलं?"

मी पहिले दोन सांगितले.

"आणखी?"

"बस, एवढंच."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "आता तुमी वापस जा. पुढे मले जमन."

ते गेले. वळणावर एक कुत्रं आडवं आलं आणि मला लांबूनही त्यांचा गुडघा वर होऊन खाली गेलेला दिसला. मी स्कूटर वळवली.

दुपारी मी काउंटरवर परत आले, रविवारची गर्दी होती. वर्कशॉपचा फोन वाजला.

"मॅडम, पोचलो."

मागे कोणीतरी बाई भांड्यांचा आवाज करत होती.

"बरं झालं काका. त्रास नाही ना झाला?"

"नाई." मग म्हणाले, "आधी तुमची काकू होती, तिले करत होतो पोचलो म्हणून. आता कोणाले करावं... म्हणून इथे केला. तुमचं काम तर नाई ना अडलं?"

"नाही अडलं."

"वापस निघताना करू काय?"

आमच्या धंद्यात गाडी दाराबाहेर पडली की आपला संबंध संपतो. मी म्हटलं, "निघताना करा. आणि वरठीला घरी पोचलात की तेव्हाही करा."

संध्याकाळी काका स्कूटर ठेवून गेले. भाऊरावांनी हात धुतले, आतले दिवे घालवले, अर्धं शटर खाली ओढलं आणि विचारलं, "मॅडम, निघत नाई काय?"

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "वरठीचा फोन यायचा आहे." घरी जायची मला तशीही घाई नसते.